मालमोटारींचे नवे ‘घोडे’ : चालकांचे अभिप्राय

धान्याच्या व्यापाऱ्यापुढे ‘ट्रॅक्टर’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे नांगरट उभी राहते. मोटारव्यवसायात मात्र या शब्दाला दुसराही अर्थ आहे. जिला माल भरावयास स्वतःची पेटी नसते, जी केवळ इंजिन व चालकाची केबिन एवढीच असून मागे जोडलेला ट्रेलर ओढून नेते, त्या मोटारीसही ट्रॅक्टरच म्हणतात. चालकमंडळी तिला ‘घोडा’ म्हणतात, आणि कंपनीच्या कागदांतील नावापेक्षा हे नाव अधिक नेमके आहे. कारण घोडा जसा गाडीपासून सोडविता येतो तसा हाही येतो. या गुणाचा विचार पुढे करावयाचा आहे.

मोझांबिक व ब्रह्मदेशची तूर, कॅनडाचा वाटाणा व मसूर हा माल समुद्रमार्गे न्हावाशेवा बंदरात उतरतो, आणि त्यांतील काही कंटेनरसह थेट गोदामापर्यंत येतो. त्यामुळे जेथे पूर्वी केवळ सहा किंवा दहा चाकी मोटारी उभ्या राहत, तेथे आता घोडा आणि ट्रेलर दिसू लागले आहेत. बेळगावच्या रविवार पेठेत असा ट्रेलर वळणे शक्य नाही. तो गावाबाहेरच्या गोदामापाशी थांबतो, आणि माल उतरेपर्यंत चालकास बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. अशा बसून राहिलेल्या पंजाबी, राजस्थानी, नामक्कलकडील व सोलापूरकडील चालकांशी वेळोवेळी जे बोलणे झाले, त्याचे सार येथे देत आहे. मालमोटारीविषयी मालकाचे मत जाहिरातींत वाचावयास मिळते; चालकाचे मत सहसा कोणी विचारीत नाही.

नव्याची किंमत कळावयास जुने काय होते हे ध्यानी घेतले पाहिजे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डैम्लर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला, आणि पुढल्या वर्षी मद्रासेत अशोक लेलँड हे नाव पुढे आले. पुढे कित्येक दशके कारखान्यातून बाहेर पडे तो बहुधा मोटारीचा सांगाडाच. चाके, इंजिन व पुढील मुखवटा, बस्स! चालक तोंडाला फडके व डोळ्यांना चष्मा बांधून, उघड्या सांगाड्यावर बसून शेकडो मैल जाई. मग गावोगावचे सुतार-लोहार लाकडाची केबिन उभारीत. त्या केबिनला रंग, आरसे, गोंडे यांची वाण नव्हती. परंतु इंजिनाचे तापलेले झाकण चालकाच्या डाव्या मांडीला लागून असे, आणि मे महिन्यात त्या मांडीची काय अवस्था होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता कारखान्यातूनच पोलादी केबिन येते. केबिन थंड ठेवण्याच्या यंत्रासंबंधीचा मसुदा केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०२३ च्या जुलैमध्ये संमत केला, आणि २०२५ सालापासून साडेतीन टनांवरील नव्या मालमोटारींना तो नियम लागू झाला. चालकांचा पहिला अभिप्राय अर्थातच या थंड हवेविषयी असतो, आणि तो अनुकूल असतो. धूळ येत नाही, आवाज कमी होतो, मुक्कामाला पोहोचल्यावर डोके दुखत नाही. परंतु लगेच एक ‘पण’ येतो. इंजिन चालू असेल तरच हवा थंड राहते. मालक डिझेलचा हिशेब मैलागणिक घेतो. उभ्या गाडीत इंजिन चालविले तर तो खर्च चालकाच्या माथी बसतो. सबब गाडी थांबली की यंत्र बंद. मग ती रुंद काच आणि बंदिस्त बांधणी शत्रू होते. उभ्या गाडीत जुनी लाकडी केबिन बरी होती, असे म्हणणारेही भेटले.

बैठकीविषयी मात्र मतभेद आहे. हवेच्या दाबावर तरंगणारी नवी खुर्ची पाठीचे धक्के झेलते, ती वरखाली करता येते, सुकाणूही अंगाच्या बेताने पुढेमागे घेता येते. पाठदुखीने गांजलेल्यांस हे वरदान वाटते. मुरलेले चालक याच खुर्चीवर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वी रस्ता पाठीला कळत असे. कोठे चाक दबले, कोठे पाटा कुरकुरला, हे बसल्याजागी उमगे. आता ते उमगत नाही. बंद काचांमुळे चाकातून हवा गेल्याचा फुसकाराही कानी पडत नाही. निपाणीजवळचा तवंदीचा घाट, जेथे आपले स्तवनिधी क्षेत्र आहे, तो उतरताना कान व पाठ दोन्ही जागी हवीत, असा त्यांचा आग्रह.

गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांविषयीही हेच. शहरातील दाटीत डावा गुडघा वाचतो हे सर्वांस मान्य. घाटात मात्र गिअर आपल्या हातीच असावा असे वयस्क मंडळी म्हणतात. मला स्वतःला यात सवयीचा भाग अधिक दिसतो. पण आरशांची तक्रार सवयीची नव्हे. नवे आरसे मोठे आहेत, दूरवर मागचे दाखवितात. परंतु आरसा आणि काचेच्या कडेचा खांब यांच्या आड चौकातला दुचाकीस्वार सबंधच्या सबंध लपतो. पूर्वी डावीकडे क्लीनर पाहत असे व दारावर थाप मारून इशारा देई. आता पुष्कळ गाड्यांवर चालक एकटाच असतो. त्या थापेची जागा कोणत्याही यंत्राने अद्याप पुरती भरून काढलेली नाही.

निजावयाच्या जागेचे काय? लांब पल्ल्याच्या केबिनमध्ये पाठीमागे फळी असते. उंच माणसाचे पाय तेथे दुमडतात. काही घोड्यांत तीही नसते. दुरुस्तीसाठी केबिन पुढे उलटावी लागते, हे मिस्त्रीच्या सोयीचे झाले. चालकाचे मात्र देव, पाण्याचा डबा, स्टोव्ह, पीठ सारे आधी उतरवून घ्यावे लागते. नाही तर काचेवर काला होतो. ही केबिन कोणाचे तरी घर आहे हे आखणाऱ्याच्या ध्यानी नसावे.

इतके ऐकून घेतल्यावर, सर्वांत मोठा त्रास कोणता असे विचारले असता जवळजवळ प्रत्येक चालकाचे उत्तर गाडीविषयी नव्हते. ते आपल्या दारात उभे राहण्याविषयी होते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला व विक्रीकराचे सीमानाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावर वाचलेले तास गोदामाच्या फाटकाशी खर्ची पडतात. हमालांची टोळी दुसरीकडे गुंतलेली, मुकादम जेवावयास गेलेला, थप्पीला जागा नाही, अशी कारणे कोणाही व्यापाऱ्यास पाठ असतील. २४ टन माल म्हणजे पन्नास किलोची ४८० पोती. तो उतरावयास वेळ लागणारच. पण तो वेळ उतरविण्याचा आहे, तिष्ठण्याचा नव्हे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम ठरविले होते. त्याच कायद्यातील व्याख्येत थांब्यावर नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच कामात धरलेला होता. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला. आपल्या फाटकाशी गेलेली दुपार ना काम, ना विश्रांती, अशीच पूर्वीही होती व आजही आहे.

येथे घोड्याचा तो गुण आठवावा. ट्रेलरच्या पुढील बाजूचा खुंटा घोड्याच्या पाठीवरील तबकडीत अडकलेला असतो. ट्रेलरचे पाय जमिनीवर टेकवावयाचे, हवेच्या नळ्या व विजेची तार काढावयाची, कडी ओढावयाची, आणि घोडा मोकळा! भरलेला ट्रेलर गोदामाशी ठेवून चालक दुसरा रिकामा ट्रेलर जोडून परत जाऊ शकतो, निदान झाडाच्या सावलीत जाऊन निजू शकतो. परदेशांत ही नित्याची रीत आहे. आपण या यंत्राचा उपयोग साध्या मोटारीसारखा करतो. आमच्या वडिलांच्या काळी गाडी दारी आली की आधी बैलांचे जू सुटे, हौदावर पाणी दाखविले जाई, मग पोत्यांना हात लागे.

असे का होत नाही, तेही चालकांनीच सांगितले. मालकास ट्रेलरचे टायर चोरीला जाण्याचे भय वाटते. शिवाय घोड्यांहून ट्रेलर अधिक संख्येने लागतात. ही कारणे खरी आहेत व ती सोडविणे वाहतूकदारांचे काम आहे. परंतु तिसरे कारण सर्वस्वी आपले. ट्रेलरचे दोन पाय अरुंद असतात. त्यांवर भार येताच आपल्या आवारातील मुरूम, विशेषतः पावसाळ्यात, खचतो आणि ट्रेलर नाकावर बसण्याची भीती असते. म्हणून शहाणा चालक घोडा सोडावयास राजी होत नाही. त्यासाठी हवी काँक्रीटची एक पट्टी, पायांखाली घालावयास दोन जाड पोलादी पत्रे, रात्री दिवा व राखणदार, आणि ट्रेलर कोणत्या वेळी ताब्यात घेतला याची वहीत नोंद. ज्यांच्याकडे एवढी जागा नाही त्यांनी फाटकाशी आलेल्या गाडीस उतरविण्याची वेळ आधी फोनवर कळवावी, आणि पिण्याचे पाणी, शौचकूप व चार खाटांची पडवी यांची सोय दोघातिघांनी मिळून करावी.

आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेपुढे या आशयाची सूचना प्रस्तुत लेखक मांडणार आहे. पट्टीच्या खर्चाचा अंदाज कंत्राटदाराकडून लिहून आणला असून तो सभेच्या दिवशी कार्यालयात पाहावयास ठेवला जाईल. ज्या सभासदांच्या गोदामी कंटेनर येतात, त्यांनी आपापल्या आवाराची लांबी-रुंदी मोजून आणावी.