नाताळ आणि भाकर

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात शाळेने नाताळ साजरा करावयाचे ठरविले, की पहिली धाव जाते ती कापसाच्या दाढीकडे आणि दुसरी दुकानातल्या केककडे. मुले टाळ्या वाजवितात, तुकडा खातात, घरी जातात. सण कशाचा, हे सांगावयाचे राहूनच जाते.

वास्तविक तो अर्थ स्वयंपाकघरातच सापडतो. येशूचा जन्म ज्या बेथलेहेमात झाला, त्या नावाचा हिब्रू अर्थच मुळी 'भाकरीचे घर' असा आहे. बायबल मराठीत आणणाऱ्यांनीही पाव न म्हणता 'भाकर' हाच शब्द योजिला. पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्याला बाटण्याचा वास चिकटला. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा वसई-गोव्याकडे सांगितल्या जातात. त्या कितपत खऱ्या, हा प्रश्न अलाहिदा. परंतु दुसऱ्याच्या हातचे खाल्ले की धर्म बुडतो, या समजुतीवरच त्या उभ्या आहेत.

जालन्याने या समजुतीला दिलेले उत्तरही पाहिले आहे. नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल, म्हणजे 'देवाचे घर', ही वसाहत वसविली. तेथे आलेल्यांत मातंग कुटुंबे पुष्कळ होती आणि त्यांचा धर्मोपदेशक जन्माने ब्राह्मण होता. एकाच भाकरीतून सर्वांनी खाणे हा ज्या धर्माचा मुख्य विधी, त्या धर्मात या गोष्टीला काय अर्थ होता, हे टेंभुर्णीच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

शिक्षकाने एवढेच करावे: रात्री मुलांकडून पीठ भिजवून घ्यावे, चिमूटभर खमीर घालावे आणि सकाळी फुगलेला गोळा दाखवावा. देवाच्या राज्याला येशूने हीच उपमा दिली, एका बाईने तीन मापे पिठात मिसळलेल्या खमिराची. विज्ञानाच्या शिक्षकांनाही येथे बोलता येईल. खमिरातील सूक्ष्म जीव साखर खाऊन वायू सोडतात, त्यानेच पीठ फुगते. भट्टी नसेल तर झाकणाचे पातेले चालते. नानकटाई करावयाची, तर अनेक गावांत सामान घरचे आणि भट्टी बेकरीची हा जुना व्यवहार आहेच. भट्टीवाल्याचा धर्म तेथे कोणी विचारीत नाही.

सरकारी शाळेत धर्मशिक्षण देण्यास घटनेच्या २८व्या अनुच्छेदाने मनाई आहे, असा आक्षेप निघेल. तो रास्त आहे. म्हणूनच प्रार्थना म्हणवून घेऊ नये. शेजाऱ्याचा सण काय म्हणतो हे कळणे मात्र धर्मशिक्षण नव्हे. नागरिकशास्त्राचा तो पहिला धडा म्हणता येईल.

भाजलेल्यातील अर्धा वाटा कोणाकडे न्यावयाचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. कोणत्या वस्तीचे नाव त्यांच्या तोंडी प्रथम येते आणि कोणत्या वस्तीचे येतच नाही, ते शाळेने नीट ऐकावे.