हलगी आणि चार भिंती

हलगीला सभागृहात जागा नाही असे सांगणारे लोक दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारच्या लोकांना हलगी हे वाद्यच वाटत नाही. ते तिला गोंगाट म्हणतात, आणि भाद्रपदात पन्नास-पन्नास ढोलांच्या पथकापुढे तासभर कौतुकाने उभे राहतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारचे लोक आपलेच आहेत. त्यांचे म्हणणे असे की, हलगी ही गावकीची खूण आहे. वरातीपुढे, जत्रेत, प्रेतापुढे, आणि देवळापासून अंतर राखून ती आपल्याकडून वाजवून घेतली गेली. ती हातातून टाकली हाच आपला विद्रोह होता. हे म्हणणे मी आदराने ऐकतो. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे, गावकीची हलकी कामे करण्याचे नाकारले, आणि अनेक ठिकाणी त्या नकारात वाजवणेही होते. मातंग समाजात मात्र आजही हलगीवर चूल पेटणारी घरे आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच देता येणार नाही.

पण या वादाच्या पलीकडे एक तिसरा गट आहे, आणि हा लेख त्याच्यासाठी आहे. १४ एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या एखाद्या खोलीत, समाजमंदिरात, महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात आपली मुले-मुली कलापथकाची तालीम करू लागतात. हलगी, ढोलकी, घुमकं, कैताळ आणि पाच-सहा गळे. अर्ध्या तासात गाण्याचे शब्द कळेनासे होतात, तासाभरात कान वाजू लागतात, आणि दीड तासात शेजारी दार ठोठावतो. मुलांना वाटते की आपले वाद्यच रानटी आहे. ही समजूत बाहेरच्यांनी आपल्या मनात पेरलेली आहे, आणि ती घालवायची तर भावनेने नव्हे, थोड्या पदार्थविज्ञानाने घालवली पाहिजे.

हलगी म्हणजे साधारण वीतभर-दीड वीत रुंदीचे कडे आणि त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. मागची बाजू उघडी. एका हातात कडे आणि बारीक काडी, दुसऱ्या हातात टिपरू. वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकतात. कातड्यातला ओलावा जातो, ते ताणले जाते, आवाज चढतो. आता प्लॅस्टिकच्या पानाच्या, नटबोल्टने आवळायच्या हलग्या आल्या आहेत. त्या पावसाळ्यात उतरत नाहीत, पण त्यांचा आवाज कातड्यापेक्षा कोरडा आणि धारदार असतो. लहान, हलके, घट्ट ताणलेले पान आणि त्यावर काठीचा आघात: या रचनेतून आवाज एकदम फुटतो आणि त्यात उंच स्वर फार असतात. असा आवाज हवाच होता, कारण हे वाद्य वेशीवरून गावभर ऐकू जाण्यासाठी घडले आहे. तंबोरा आणि सारंगी आतल्या दालनात बसून वाजवण्यासाठी घडली. ज्याला आत येण्याची मुभा नव्हती त्याच्या हातातले वाद्य मोठ्याने बोलणारच. हलगीचा मोठेपणा हा वाजवणाऱ्याच्या स्वभावाचा गुण नाही. तिला ज्या अंतरावर उभे केले गेले त्या अंतराचा तो हिशेब आहे.

उघड्यावर हा हिशेब चोख बसतो. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हलगीपासून एक मीटरवर जो आवाज असतो तो ३२ मीटरवर ३० डेसिबलने कमी झालेला असतो. आवाज पुढे जातो, वर जातो, परत येत नाही. प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. खोलीत हे सगळे बिघडते. भिंतीवर आदळलेला आवाज परत फिरतो, समोरच्या भिंतीवर आदळतो, पुन्हा फिरतो. यालाच आपण शाळेच्या पुस्तकात निनाद म्हणून शिकलो.

निनादाचे गणित प्रथम मांडले ते वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले, आणि त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद विरत नसे. एक वाक्य दुसऱ्यात मिसळे. विद्यापीठाने हा तिढा सॅबिनवर सोपवला. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, त्या व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करी आणि आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजी. गाद्या वाढल्या तसा वेळ कमी झाला. त्यावरून त्याने सूत्र काढले: निनादाचा काळ म्हणजे ०.१६ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले खोलीतले एकूण शोषण. (शोषण हा शब्द या पानांवर नेहमी वेगळ्या अर्थाने येतो. इथे ते जितके जास्त तितके बरे.)

हे सूत्र आपल्या घराला लावून पाहू. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. उंची दहा फूट धरली तर घनफळ सुमारे ४५ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून सुमारे ७८ चौरस मीटर पृष्ठभाग. गिलाव्याची पक्की भिंत आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग गिळते, बाकी परत फेकते. म्हणजे रिकाम्या खोलीत शोषण अवघे दोन चौरस मीटर, आणि निनाद साडेतीन सेकंदांच्या आसपास. द्रुत लयीत हलगीवर सेकंदाला सहा-सात आघात पडतात. एक आघात पूर्ण विरायच्या आत त्याच्यावर वीसेक आघात चढलेले असतात. आता त्याच खोलीत पंधरा माणसे बसवा. कपडे घातलेला माणूस जवळपास अर्धा चौरस मीटर शोषण करतो. एकूण शोषण नऊवर जाते, निनाद पाऊण सेकंदावर येतो आणि खोलीत घुमणारा आवाज सहा-साडेसहा डेसिबलने उतरतो. रिकाम्या खोलीत वाईट वाटलेले पथक भरल्या खोलीत चांगले का वाटते, त्याचे हे कारण आहे. श्रोता केवळ ऐकत नसतो, तो खोलीही दुरुस्त करीत असतो.

पण याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती तालीम घेणाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवावी. एवढ्या खोलीत हलगीपासून दीड-दोन फुटांपलीकडे गेले की परतून आलेला आवाज थेट आवाजाच्या वरचढ होतो, आणि मग मागे सरकून काही फरक पडत नाही. ‘जरा लांब बस’ हा सल्ला मैदानात खरा आहे, खोलीत खोटा आहे.

आता शब्दांकडे येतो, कारण आपल्या परंपरेत वाद्य शब्दासाठी असते. सत्यशोधक जलसा असो, आंबेडकरी जलसा असो, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार पोचवणे हे त्याचे काम होते. भीमराव कर्डकांनी आपल्या जलशातून तेच केले आणि पुढे त्या जलशांचा इतिहासही लिहून ठेवला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचे १९४४ चे लाल बावटा कलापथकही शब्दावरच उभे होते. तिथे शब्द बुडाला तर उरतो तो तमाशाचा सांगाडा.

शब्द बुडतो कसा? भाषेत स्वरांना बळ असते आणि व्यंजनांना अर्थ असतो. ‘जाती’, ‘माती’, ‘पाती’, ‘राती’ यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. ते पुसले गेले की श्रोत्याला ‘आती’ एवढेच ऐकू येते आणि शाहीर जातीवर बोलतो आहे की मातीवर, हे त्याला कळत नाही. ही व्यंजने क्षीण असतात आणि त्यांतली बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात. हलगीचा कडकडाट नेमका तिथेच मोठा असतो. त्यावर निनादाची शेपटी. गाणाऱ्याला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो नकळत ओरडू लागतो. हा माणसाचा स्वभावच आहे, आणि १९११ मध्ये लोम्बार या फ्रेंच वैद्याने तो नोंदवला. गळा चढला की ढोलकी चढते, ढोलकी चढली की हलगी चढते. शेवटी सगळेच मोठे आणि काहीच स्पष्ट नाही. जुन्या शाहिरांच्या हातात डफ का असे याचे एक उत्तर इथे मिळते. डफ मोठा, त्याचा स्वर खालचा, आणि तो बोटांनी वाजतो. तो व्यंजनांच्या वाटेत येत नाही.

कानांचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. माझे वडील हलगी वाजवीत. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती, वर्षानुवर्षे. पन्नाशीत त्यांना ऐकू येई, पण समजत नसे. घरात आम्ही काय बोललो ते ते ओठांवरून ताडत आणि चुकीचे उत्तर दिले की स्वतःच हसत. शिकून आलेला मुलगा काय बोलतो ते बापाला कळत नाही, हे अनेक घरांत रूपक म्हणून खरे असेल; आमच्या घरात ते अक्षरशः खरे होते. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते, म्हणजे पुन्हा व्यंजनेच. गेलेले परत येत नाही. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. काठीने वाजवायच्या चर्मवाद्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानापाशी १०० च्या घरात सहज जातो. वडील तरी उघड्यावर वाजवीत. आमची मुले तेच वाद्य बंद खोलीत दोन-दोन तास वाजवतात. तालमीनंतर कानात शिट्टी वाजत राहते ती थकव्याची खूण नाही, इजेची आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे थोड्या रुपयांत येतात. ते घालण्यात कसली लाज? गिरणीतल्या साचेखात्यात बहिरे झालेले आपले लोक आपण पाहिले आहेत. त्यांना कुणी बोळे दिले नव्हते.

मग खोलीत काय करावे? पहिला उपाय घरातच आहे: गोधड्या. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी भिंतीला न चिकटवता चार बोटे पुढे दोरीवर टांगावी. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी निदान एक झाकली जावी. अशा चार गोधड्या आठ-दहा माणसांइतके काम करतात. उंच आवाज त्या चांगला गिळतात. खालचा आवाज मात्र गोधडीला जुमानत नाही. घुमक्याचा घुमारा कोपऱ्यात साठतो, आणि खोली दहा बाय दहाची व उंचीही दहाच फूट असेल तर तिन्ही दिशांना तोच एक स्वर घुमतो, साधारण ५६ हर्ट्झचा. अशा खोलीत घुमकं कोपऱ्यातून काढून भिंतींपासून जमेल तितके दूर आणावे. पत्र्याचे छप्पर असेल तर त्याखाली सतरंजी बांधावी, नाहीतर पत्रा स्वतःच एक वाद्य होतो.

दुसरा उपाय हातात आहे. तालमीत हलगी पूर्ण शेकू नये. टिपरू बाजूला ठेवून बोटांनी वाजवावी. मागच्या उघड्या बाजूला फडके कोंबावे किंवा ती बाजू पोटाशी धरावी; अर्धा आवाज तिथूनच बाहेर पडत असतो. ओळ गायली जात असताना हलगीने फक्त ठेका धरावा आणि ओळ संपल्यावर मोकळे व्हावे. चांगले जुने हलगीवाले हे न सांगता करतात. त्यांना एकदा तालमीला बोलवावे, मानाने बोलवावे, मानधन द्यावे. आणि छोट्या खोलीत माईक लावू नये. तिथे तो फक्त शिट्टी मारतो.

तमिळनाडूत पराई या वाद्याची हीच कथा आहे. मयताला वाजवायचे म्हणून अनेकांनी ते नाकारले, आणि नंतरच्या पिढीने तेच स्वेच्छेने, स्वाभिमानाने हातात घेतले. चेन्नईत उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने ते गिटार आणि ड्रमच्या शेजारी आणून ठेवले. कुणाच्या हुकमाने वाजवतो आणि कुणासाठी वाजवतो, यावर वाद्याचा अर्थ ठरतो.

शेवटी सभागृहाविषयी. एका शहरातल्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने आमच्या मुलांना हलगी बाहेर ठेवायला सांगितली. कारण दिले: नियम. आदल्या आठवड्यात त्याच रंगमंचावर ड्रमसेट वाजला होता. नियम काय आहेत ते कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक आणि, २०१० च्या दुरुस्तीनंतर, वाद्ये वाजवण्यास बंदी आहे; पण बंदिस्त सभागृहात आतल्या श्रोत्यांसाठी वाजवण्यास ती लागू नाही. वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज जाता कामा नये. या नियमांत हलगीचे नाव कुठेही नाही. तेव्हा व्यवस्थापकाशी भांडण्याआधी सभागृह रिकामे असताना एक तास मागून घ्यावा, एकाने हलगी वाजवावी, एकाने शेवटच्या रांगेत बसून गाण्याचे शब्द कागदावर उतरवावेत, आणि एकाने दार बंद करून बाहेर कुंपणापाशी उभे राहावे. मोबाइलमधले डेसिबल मोजणारे साधन अगदी अचूक नसते, पण एवढ्या कामाला पुरते. आम्ही हे केले तेव्हा शेवटच्या रांगेतल्या मुलीने कडव्यातले तीन शब्द चुकीचे लिहिले. दोन ठिकाणी हलगी कमी करावी लागली. तिसऱ्या ठिकाणी चूक कवीची होती. ती ओळ त्या मुलीनेच बदलून दिली.