अभिन्न फोटॉन व पुंजबिंदू

अभिन्न फोटॉन व पुंजबिंदू : कंप्रता, ध्रुवण, तरंगाचा आकार व आगमनाची वेळ या सर्व बाबतींत सारखे असल्याने जे एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, अशा फोटॉनांना (प्रकाशकणांना) अभिन्न फोटॉन म्हणतात. फोटॉन परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत अशा रीतीने त्यांची गणना करून सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्लांक यांच्या प्रारण नियमाची उपपत्ती दिली.

असे दोन फोटॉन अर्धपरावर्तक आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी आले, तर ते नेहमी जोडीने एकाच दिशेला बाहेर पडतात. त्यांच्यात भेद असल्यास काही वेळा ते विलग होतात. हा परिणाम हाँग, औ व मँडेल यांनी १९८७ मध्ये दाखविला. फोटॉनांवर चालणाऱ्या पुंज-संगणकातील क्रिया याच व्यतिकरणावर आधारलेल्या असल्याने फोटॉनांतील भेद म्हणजे गणनेतील चूक ठरते.

पुंजबिंदू हा एका अर्धसंवाहकात जडलेला दुसऱ्या अर्धसंवाहकाचा अतिसूक्ष्म कण होय. उदा., गॅलियम आर्सेनाइडावर इंडियम आर्सेनाइडाचा थर देताना त्यांच्या स्फटिकजालकांतील सु. ७% फरकामुळे काही दशक नॅनोमीटर रुंदीचे (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) बिंदू आपोआप तयार होतात. बिंदूत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाला अणूतल्याप्रमाणे ठराविक ऊर्जापातळ्याच उपलब्ध असतात. लेसर स्पंदाने तो उद्दीपित केला म्हणजे सु. १ नॅनोसेकंदात मूळच्या रिकाम्या जागी परततो व एक फोटॉन बाहेर पडतो.

एकेक फोटॉन मिळविण्यापेक्षा प्रत्येक फोटॉन आधीच्यासारखाच मिळविणे अधिक कठीण आहे. स्फटिकजालकाची कंपने व बिंदूभोवतीचे अस्थिर विद्युत् भार यांमुळे कंप्रता ढळते. यावर तीन उपाय योजतात : (१) बिंदू सु. ४ केल्व्हिन तापमानापर्यंत थंड ठेवतात. (२) तो सूक्ष्म अनुस्पंदकात बसवितात. त्यामुळे उत्सर्जन त्वरेने होऊन बाह्य क्षोभाला कमी अवधी मिळतो (परसेल परिणाम). (३) लेसरची कंप्रता बिंदूच्या कंप्रतेशी तंतोतंत जुळवितात. अन्यथा इलेक्ट्रॉन प्रथम वरच्या पातळीवर जाऊन अनिश्चित वेळाने खाली येतो व फोटॉनाची वेळही अनिश्चित होते.

एकाच बिंदूतून २ नॅनोसेकंदांच्या अंतराने निघालेल्या फोटॉनांची बव्हंशी अभिन्नता स्टॅनफर्ड विद्यापीठातील सांतोरी, यामामोतो व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये सिद्ध केली. दोन स्वतंत्र बिंदू मात्र आकार व घटना यांत कधीच पूर्णपणे सारखे नसतात. त्यांची कंप्रता विद्युत् दाबाने जुळवून घ्यावी लागते. बाझेल येथील संशोधकांनी २०२२ मध्ये अशा दोन बिंदूंच्या फोटॉनांत सु. ९३% व्यतिकरण मिळविले.