विमानाखालून पृथ्वी निसटत नाही

गैरसमज: मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ लागतो आणि यायला कमी, कारण पृथ्वी फिरते.

शाळकरी मुलांपासून इंजिनिअरांपर्यंत कितीतरी जण हे ठामपणे सांगतात. मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, हे खरं. सांगितलं जाणारं कारण मात्र साफ चूक आहे.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग ताशी जवळपास १,५८० किलोमीटर आहे. जमीन खरंच विमानाखालून निसटत असती, तर मुंबईवर तासभर घिरट्या घालून खाली आलेलं हेलिकॉप्टर ओमानच्या किनाऱ्यापाशी उतरलं असतं. शिवाय लंडन आपल्याच दिशेने येत राहिलं असतं, म्हणजे जातानाच वेळ वाचायला हवा होता. घडतं नेमकं उलट! इतका साधा ताळा करून न पाहता तेच तेच सांगितलं जातं, याची चीड येते.

वस्तुस्थिती: जमिनीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभ्या विमानालाही तोच वेग आधीच मिळालेला असतो. फरक पाडतो तो वारा. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात तिथेच, जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते.

अजून शंका असेल, तर एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फेरी पाहा. ऑक्टोबर २०१६मध्ये ती अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेली गेली. तेव्हाच्या बातम्यांनुसार अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर संपला. वारा पाठीशी होता.

परिवलनाचा संबंध आहे, पण आडून. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे हवा वाहू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. पण वारा ऋतूप्रमाणे बदलतो, परिवलन बदलत नाही. पावसाळ्यात दक्षिण भारतावर याहून उंच थरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात तो अभ्यासून मांडला. पृथ्वी तेव्हाही पूर्वेकडेच फिरत असते.

आणखी काही गैरसमज:

• तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ. नाही. दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार.

• नकाशावर पट्टी ठेवली की जवळचा मार्ग कळतो. तो पृथ्वीगोलावर दोरी ताणून पाहावा. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचा सर्वांत जवळचा मार्ग आर्क्टिकवरून जातो.

• विमान नेहमी जवळच्याच मार्गाने जातं. वारा, वादळं आणि देशांच्या हवाई हद्दी पाहून मार्ग ठरतो. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या.

पुढच्या प्रवासात सीटसमोरच्या पडद्यावर वाऱ्याची दिशा आणि जमिनीसापेक्ष वेग दाखवत असतील, तर तेवढे पाहा. उशीर का होतोय, ते तिथेच कळेल.