परदेशी रणांगणावर पडलेले आपले शिपाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या बंदरातून आगबोटीने गेलेले आणि पुन्हा घरच्या उंबरठ्यावर न आलेले शिपाई आपण विसरलो, याचे सारे खापर काळावर फोडून चालणार नाही. त्यांच्याविषयी पिढ्यानुपिढ्या धरून बसलेल्या काही चुकीच्या समजुतींनीही या विस्मरणास मोठाच हातभार लावला आहे. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी सैनिक व मजूर समुद्रापार गेले आणि सुमारे ७४,००० मृत्युमुखी पडले. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांपर्यंत पोहोचली आणि सुमारे ८७,००० जणांनी प्राण वेचले. जामनेर, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर या परिसरातील ज्या घरांत अशा पूर्वजाची गोष्ट सांगितली जाते, त्यांच्यासाठी या समजुतींची एकेक करून रुजुवात करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : जुन्या पेटीत निघणारी गोल कांस्यमुद्रा म्हणजे शौर्याचे बक्षीस.

वस्तुस्थिती : सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची ही मुद्रा पहिल्या महायुद्धातील मृताच्या वारसांना देण्यात येत असे. तिच्यावर हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि तिच्याजवळ सिंह असून, एका लहानशा चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचे नाव असते. मरणात सुभेदार आणि शिपाई यांच्यात भेद नको, म्हणून त्या नावापुढे हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. ही मुद्रा मोडीत घालू नये, घासून चकचकीतही करू नये. कित्येक घरांत मृताच्या नावाचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला असतो.

गैरसमज : परदेशात पडलेल्या सर्वांची नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत.

वस्तुस्थिती : १९२१ साली पायाभरणी होऊन १९३१ साली उद्घाटन झालेली ही कमान पहिल्या महायुद्धातील सर्वच हिंदी मृतांच्या स्मरणार्थ उभी असली, तरी तिच्यावर कोरलेली सुमारे तेरा हजार नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. फ्रान्स व बेल्जियममध्ये पडून ज्यांची समाधी सापडली नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. २०१९ साली दिल्लीत उघडलेले राष्ट्रीय युद्धस्मारक स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांचे आहे. काँगो आणि श्रीलंका येथे कामी आलेले आपले जवान तेथे शोधावेत, आजोबा-पणजोबा नव्हेत.

गैरसमज : दगडावर नाव नाही, म्हणजे दप्तरातही नाही.

वस्तुस्थिती : मराठा पलटणींचे पुष्कळ रक्त मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सांडले. कूतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनसह त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करल्यानंतर कित्येकांना कैदेच्या वाटेवरच मृत्यू आला. तेथील बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली; परंतु साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आला. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने हा भेदभाव २०२१ च्या अहवालात मान्य करून जाहीर माफी मागितली. तथापि दगडाने नाकारलेल्या यांपैकी पुष्कळ शिपायांची नावे आयोगाच्या नोंदवह्यांत सुरक्षित आहेत आणि त्या नोंदी आज घरबसल्या विनामूल्य पाहता येतात.

गैरसमज : परमुलखात मेलेल्यांना अग्नी मिळाला नाही, म्हणून त्यांची समाधी नाही.

वस्तुस्थिती : युद्धाच्या धुमश्चक्रीत अनेकांचे देह हाती लागले नाहीत, हे खरे, पण जेथे शक्य झाले तेथे हिंदू व शीख सैनिकांचे दहन आणि मुसलमान सैनिकांचे दफन ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे झाले. इंग्लंडातील ब्रायटनच्या इस्पितळांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी देण्यात आला. तेथे १९२१ साली संगमरवरी छत्री उभी राहिली आणि २०१० साली त्या ५३ जणांची नावेही जवळच कोरली गेली. दुसऱ्या महायुद्धातील अशीच दहनस्मारके इटलीत फोर्ली येथे आणि इरिट्रियात केरेन येथे आहेत.

गैरसमज : 'जळगाव' घालून शोधले, काही निघाले नाही, अर्थात आपल्याकडचे कोणी गेलेच नव्हते.

वस्तुस्थिती : ज्या काळच्या या नोंदी, त्या काळी जळगाव नावाचा जिल्हाच नव्हता. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव व धुळे ही जिल्ह्यांची नावे १९६० नंतर रूढ झाली. म्हणून जामनेरच्या शिपायाचा शोध 'पूर्व खानदेश', नुसते 'खानदेश' किंवा 'मुंबई इलाखा' अशा नावांखाली घ्यावा. शिवाय कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले असल्यामुळे गावाचे व माणसाचे नाव चार-पाच प्रकारे लिहून पाहावे. जेथे तपशील पूर्ण आहे, तेथे बापाचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि तालुका यांवरून माणसाची ओळख निःसंशय पटते.

गैरसमज : ते युद्ध इंग्रजांचे होते, त्यांचे स्मरण आपण का करावे?

वस्तुस्थिती : युद्ध साम्राज्याचे होते, यात संशय नाही. पण १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडत होते आणि हिंदी माणसाला अधिकारपदे देण्याच्या अटीवर लोकमान्यांचीही भरतीस संमती होती, हा इतिहास विसरून त्या शिपायांना परक्यांचे चाकर म्हणणे अन्यायाचे होईल. कोणी पोटासाठी गेला, कोणी मानासाठी गेला. मागे राहिलेल्या आईचे आणि पत्नीचे दुःख मात्र कोणत्याही साम्राज्याचे नव्हते, ते आपल्याच गावचे होते.

यास्तव प्रत्येक गावाने आपली फेरिस्त आपणच तयार करावी. घरोघरची पदके, मुद्रा, निवृत्तिवेतनाचे कागद आणि जुनी पत्रे पाहून नाव, बापाचे नाव, पलटण, शिपाई-क्रमांक व मृत्यूची तारीख शाळेतल्या मुलांकरवी टिपून घ्यावी. आयोगाच्या नोंदीशी ती ताडून पाहावी, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घेऊन ती यादी ग्रामसभेपुढे वाचावी व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. बसऱ्याच्या दगडाने ज्यांना आकडा मानले, त्यांना नावाने हाक मारण्याचा पहिला अधिकार त्यांच्या गावाचा आहे, आणि तो बजावण्यासाठी कोणाच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.