सांताक्लॉजचें पत्र : घरच्या घरीं, स्वल्प खर्चांत

मुलांशीं खोटें बोलूं नये, हें आम्हीं शिक्षकी पेशांत असतां पालकांस इतक्या वेळां बजावलें आहे कीं, त्याची गणती नाहीं. असें असतां सन २०२३ च्या डिसेंबरांत, टोरांटो येथें कन्येच्या घरीं, रात्रीं स्वयंपाकघरांतील टेबलाशीं बसून आम्ही डाव्या हातानें एका परक्या वृद्धाच्या नांवाचें पत्र लिहीत होतों! या विसंगतीचा जो उलगडा आम्हांस झाला तो वाचकांपुढें मांडावा, आणि ज्यांचीं नातवंडें त्या मुलखांत वाढत आहेत त्यांस चार उपयुक्त सूचना कराव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही चाल काय आहे तें सांगूं. चवथ्या शतकांत मायरा नगरींत (हें स्थळ आज तुर्कस्तानांत आहे) निकोलस नांवाचा बिशप होऊन गेला. त्याच्या गुप्तदानाच्या कथा युरोपभर पसरल्या. डच लोकांच्या तोंडीं त्याचें नांव ‘सिंटरक्लास’ झालें आणि अमेरिकेंत त्याचेंच ‘सांताक्लॉज’ झालें. नाताळापूर्वीं मुलें त्यास पत्र लिहितात व उत्तराची वाट पाहतात. कॅनडांत तर टपालखात्यानेंच त्यास पत्ता दिला आहे. गांव उत्तर ध्रुव, आणि पिनकोडाच्या जागीं ‘एच ० एच ० एच ०’. म्हणजे त्या वृद्धाचें ‘हो हो हो’ हें हास्यच! या पत्रास तिकीट लागत नाहीं. पाठविणाराचा पत्ता असला व पत्र मुदतींत पोंचलें तर स्वयंसेवक उत्तरहि धाडतात. ज्यांस खर्च झेपत नाहीं त्यांस हा एक उत्तम मार्ग आहे.

आमच्या नातीच्या हातून मात्र ती मुदत टळली, आणि त्यास कारण होतें. आदल्या वर्षीं आमच्या जांवयांनीं अशीं पत्रें छापून देणाऱ्या एका दुकानाकडून दहाबारा डॉलर मोजून पत्र मागविलें होतें. जाड कागद, सोनेरी शाई, लाल मोहोर, आणि मजकुरांत तीन ठिकाणीं नातीचें नांव. मुलगी हरखून गेली. परंतु शेजारच्या मुलासहि तसेंच पत्र आलें होतें. दोघांनीं तीं जवळ जवळ ठेवून वाचलीं, तों नांवाखेरीज एक अक्षर निराळें नाहीं! ‘‘आजोबा, त्याला मी माहीतच नाहीं,’’ असें तिनें आम्हांस दूरध्वनीवर सांगितलें. तेव्हां ती सहा वर्षांची होती. सांताक्लॉज नाहीं, असें ती म्हणाली नाहीं. आपली त्याला ओळख नाहीं, एवढेंच म्हणाली. आमच्या मतें हें दुःख अधिक खोल आहे.

पुढील वर्षीं आम्ही उभयतां तेथें गेलों, तेव्हां घरावर दुसरेंच संकट होतें. ऑक्टोबरांत जांवयांची नोकरी सुटली होती आणि घरखर्चाचा हिशेब पैन् पै मांडला जात होता. नात पत्र लिहावयास तयार होईना. अखेर आईच्या आग्रहावरून तिनें निम्मा डिसेंबर उलटल्यावर तें लिहिलें. त्यांत दोनच मागण्या होत्या: बर्फावर घसरण्याचे बूट, ज्यांस तिकडे स्केट्स म्हणतात ते, आणि ‘‘बाबांना काम.’’

तें वाचून घरांत कोणी बराच वेळ बोललें नाहीं. मग जांवई म्हणाले, ‘‘बाबा, लवकरच काम मिळेल असें तुम्ही लिहून टाका. पोरगी खूष होईल.’’ त्यावर आमचें कुटुंब म्हणालें, ‘‘आणि नाहीं मिळालें म्हणजे? म्हाताऱ्यानेंहि फसवलें असेंच तिला वाटायचें कीं नाहीं?’’ या प्रश्नानें आमचा मार्ग ठरला. पत्रांत जें जें लिहावयाचें तें खरें असावें. कल्पित असावी ती केवळ सही. पंचतंत्रांत कोल्हा बोलतो म्हणून विष्णुशर्म्यास कोणी असत्यवादी म्हणत नाहीं. कोल्ह्याच्या तोंडची नीति खोटी असती, तर मात्र दोष होता.

या कामीं आम्हांस एक मोठा गुरु आठवला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्कीन यांनीं सन १९२० पासून १९४३ पर्यंत आपल्या चार मुलांस सांताक्लॉजच्या, म्हणजे इंग्रज ज्यास ‘फादर ख्रिसमस’ म्हणतात त्याच्या, नांवानें पत्रें लिहिलीं. त्यांच्या निधनानंतर तीं सन १९७६ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. लिहिणारा फार वृद्ध आणि ध्रुवावरची थंडी कडक, म्हणून अक्षर थरथरतें. मधूनच त्याचें पांढरें अस्वल जाड अक्षरांत आपली टिप्पणी घुसडून देतें. चित्रें आणि ध्रुवाचीं टपाल तिकिटें टोल्कीन स्वतःच रंगवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील पत्रांवर त्या युद्धाची छायाहि पडलेली आहे. संसारास हातभार लागावा म्हणून हा गृहस्थ शालेय परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपाशी. त्यामुळें आम्हांस त्यांच्याविषयीं सहजच बंधुभाव वाटतो. विकत घेण्याजोगें त्या पत्रांत कांहींच नव्हतें; होता तो बापाचा वेळ.

आतां कृति सांगतों. कागद साधाच, पण मुलाच्या वहींतला नसावा. तो मूल तत्काळ ओळखतें. बिनदुधाच्या चहाचें निवलेलें पाणी ताटांत घेऊन कागद त्यांत क्षणभर बुडवावा व सपाट जागीं पूर्ण वाळूं द्यावा, म्हणजे त्यास जुनाट पिवळसर रंग येतो. ओलसर कागदावर लिहिल्यास शाई फुटते. सुरकुत्या पडल्यास रात्रभर जाड पुस्तकाखालीं दाबून ठेवावा. पाकीट किराण्याच्या तपकिरी पिशवीचें करावें. तिकीट हातानें रंगवावें. शिवणयंत्रांत दोरा न ओवतां कागद फिरविला कीं तिकिटासारखीं भोंकें पडतात. लाल मेणबत्तीचा थेंब पाडून त्यावर कोटाचें बटण दाबलें कीं मोहोर झाली. हें काम वडील माणसानेंच करावें. लेखन ज्या हाताची संवय नाहीं त्या हातानें करावें. आमचा सारा खर्च एका डॉलरच्या आंत आटोपला.

परंतु हें झालें बाह्यांग. मजकुरासाठीं आम्हीं घरांतील प्रत्येकास एकच प्रश्न विचारला: या वर्षांत या मुलीचें तुमच्या दृष्टीस काय पडलें? कन्या म्हणाली, ‘‘सायकल शिकतांना दोन्ही गुडघे फुटले, तरी तिनें सोडली नाहीं.’’ आजी म्हणाली, ‘‘नवीन आलेली मुलगी वर्गांत एकटी बसते, म्हणून ही तिच्याजवळ जाऊन बसते.’’ जांवई थोडे थांबून म्हणाले, ‘‘मी सकाळीं कामाच्या शोधांत निघतों, त्याआधीं माझे हातमोजे ती उष्ण वाऱ्याच्या जाळीवर ठेवून ऊन करते.’’ एक कष्टाची, एक सौजन्याची आणि एक मायेची, अशा तीन गोष्टी मिळाल्या म्हणजे पत्र आपोआप लिहून होतें. त्यांत धाक मात्र घालूं नये. ‘‘हट्ट केलास तर कांहीं मिळणार नाहीं’’ असें लिहिणारा सांताक्लॉज हा फौजदार होय.

स्केट्स वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत मिळाले. त्यांविषयीं पत्रांत इतकेंच लिहिलें कीं, ते यापूर्वीं एका मुलानें वापरलेले आहेत आणि बर्फाशीं त्यांची चांगली ओळख आहे. दुसऱ्या मागणीचें उत्तर असें दिलें: ‘‘काम माझ्या पोतडींत नसतें. तें केव्हां मिळेल हें मला सांगतां येत नाहीं. पण गार हातांनीं दार ठोठावणें आणि उबदार हातांनीं ठोठावणें यांत फार अंतर आहे, आणि तुझ्या बाबांचे हात कोणामुळें उबदार असतात हें मला ठाऊक आहे.’’

नाताळच्या सकाळीं तिनें तें पत्र दोनदां वाचलें, आणि हातमोज्यांची ओळ बापाला मोठ्यानें वाचून दाखविली. जांवयांनीं खिडकीकडे तोंड फिरविलें. काम पुढें मार्चांत मिळालें. तें पत्रामुळें मिळालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण मधल्या महिन्यांत त्या घरांत कोणास खोटी आशा सांभाळावी लागली नाहीं, हें मात्र निश्चित.

मुलानें सरळच विचारलें कीं, ‘‘सांताक्लॉज खरा आहे का?’’ तर काय सांगावें? सन १८९७ त व्हर्जिनिया ओहॅन्लन या आठ वर्षांच्या मुलीनें न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्रास हेंच विचारलें होतें, आणि संपादकवर्गापैकीं फ्रान्सिस चर्च यांनीं ‘‘होय, आहे’’ असें उत्तर अग्रलेखांत दिलें. तो लेख जगप्रसिद्ध आहे. तरी आमचें मत भिन्न आहे. सरळ प्रश्नास सरळ उत्तर द्यावें, आणि पत्र कोणीं लिहिलें व तें कां लिहिलें हेंहि सांगावें. मजकूर खरा असेल तर मूल त्या दिवशीं कांहींच गमावीत नाहीं.

आमच्या नातीनें हा प्रश्न अद्याप विचारलेला नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं तिनें पत्र नाकाशीं नेलें, बराच वेळ हुंगलें आणि विचारलें, ‘‘आजोबा, सांताच्या घरींहि चहांत आलें घालतात?’’

‘‘आपल्या घरीं तुझी आजी घालते, एवढें आम्हांस ठाऊक आहे,’’ असें आम्हीं सांगितलें. ती आजीकडे पाहून हंसली, पत्राची घडी घातली आणि तें आपल्या डब्यांत जपून ठेवलें.