उलटविणे आणि पुन्हा घडविणे : मुखाच्या स्त्रैणीकरणानंतरचा एक प्रश्न

केलेली क्रिया मागे घेण्याची सोय सर्व क्रियापदांत सारखी नसते. बांधलेले सोडता येते, घातलेली शिवण उसवता येते. परंतु कापलेले कापड केवळ जोडता येते आणि जोडाची रेषा मागे उरते. सोलापुरासारख्या विणकरांच्या नगरीत हा भेद विस्ताराने सांगावयास नको. वैद्यकातील एका प्रश्नाच्या बाबतीत मात्र तो सहज विसरला जातो. मुखाच्या स्त्रैणीकरणाची शस्त्रक्रिया 'उलटविता' येते काय, हा तो प्रश्न होय.

या शस्त्रक्रियेची पद्धतशीर मांडणी सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यविशारद डग्लस ऑस्टरहाउट यांनी १९८० नंतरच्या दशकात केली. तीत भुवयांवरील हाडाचा उंचवटा, जबड्याचे कोन, हनुवटी, नाक व कंठमणी यांना सौम्य आकार देण्यात येतो. पुढे कोणी पूर्वीचा चेहरा मागतो, त्याची कारणे एकच नसतात. काहींची स्वतःच्या लिंगभावाविषयीची जाणीव बदललेली असते. काहींची ती तशीच असते, परंतु हाड प्रमाणाबाहेर काढले गेले असे त्यांना वाटते. म्हणून अशा मागणीवरून व्यक्तीच्या मनाविषयी घाईने अनुमान करणे योग्य नव्हे.

आता शक्यता पाहू. ओठांत वा गालांत भरलेले हायलुरॉनिक आम्ल विकराच्या साहाय्याने विरघळविता येते. येथे 'उलटविणे' हा शब्द बव्हंशी सार्थ आहे. हनुवटीचे हाड कापून केवळ सरकविले असेल, तर ते पुन्हा कापून पुढे आणता येते. परंतु जबड्याचे तासून टाकलेले हाड पुन्हा वाढत नाही. त्या जागी कृत्रिम द्रव्याचा घडविलेला भाग बसवावा लागतो. कपाळाचा उंचवटा अस्थि-सिमेंटने किंवा अशाच घडीव भागाने उभारता येतो. या उपायांत जंतुसंसर्गाचा व बसविलेला भाग सरकण्याचा धोका राहतो. नाकासाठी बरगडीची कूर्चा घेतात. ती कालांतराने वाकू शकते. वरच्या ओठाची कापून काढलेली त्वचा परत मिळत नाही, आणि दुखावलेल्या मज्जातंतूची बधिरता कायम राहू शकते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने कंठमण्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. स्वरतंतू पुढील बाजूस याच कूर्चेला आतून जोडलेले असतात. कूर्चा अधिक तासली जाऊन ही जोडणी दुखावली, तर आवाज बदलतो. पुढे बरगडीच्या कूर्चेने गळ्याचा उंचवटा पुन्हा निर्माण करता येईल. परंतु उंचवटा परत आला म्हणून आवाजही परत येतो असे नाही.

गमावलेला अवयव नव्याने घडविण्याची एक प्रसिद्ध हकीकत महाराष्ट्रातीलच आहे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने कावसजी नामक मराठा गाडीवानाचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक तयार केले. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली, आणि १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने तेथे ही पद्धत अवलंबिली. कावसजीला नाक मिळाले. पण ते जुने नाक नव्हते, आणि त्याची किंमत कपाळाच्या त्वचेने दिली होती.

यावरून व्यवहारात दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेली सीटी-चित्रे जपून ठेवावीत, कारण मूळ हाडाचे माप त्यांतच मिळते. दुसरी शस्त्रक्रिया, तातडीची आपत्ती नसल्यास, सूज पूर्ण ओसरेपर्यंत पुढे ढकलावी. त्यास पुष्कळदा वर्षभर लागते. आणि संमती घेताना वैद्याने 'उलटविता येते' असे न म्हणता 'काही अंशी पुन्हा घडविता येते' असे म्हणावे. हा शब्दच्छल नव्हे. पहिल्या शब्दावर विसंबून घेतलेला निर्णय आणि दुसरा शब्द ऐकून घेतलेला निर्णय एकच असेल असे नाही.